'स्त्री-पुरुष तुलना' : एक राहिलेला जबाब

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध पुण्यास १८८२ सालीं छापून निघाला. पुढें तो जवळजवळ विस्मृतींत गेला. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तो संपादून पुन्हां प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून मराठींतील महत्त्वाच्या ग्रंथांत त्याची गणना होऊं लागली. आज त्यावर व्याख्यानें होतात, प्रबंध लिहिले जातात. हें सर्व योग्यच आहे. परंतु या सन्मानाच्या भरांत एक गोष्ट नजरेआड होते. हें पुस्तक पुरुषांना उद्देशून लिहिलेलें आहे, आणि पुरुषांकडून त्याचा जबाब यावयाचा अद्याप राहिला आहे.

निबंधाचें निमित्त सर्वश्रुत आहे. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ सालीं फांशीची शिक्षा झाली. ती पुढें कमी करण्यांत आली. त्या वेळीं वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या स्वैरपणावर पुष्कळ ताशेरे झाडले गेले. बुलढाण्याच्या ताराबाईंनीं लेखणी उचलली ती या ताशेऱ्यांमुळें. त्या अर्भकाला पिताहि असलाच पाहिजे, हें त्या गदारोळांत कोणाला सुचलें नव्हतें.

ताराबाईंची विचारपद्धति साधी आहे. संस्कृत सुभाषितांपासून चालू वृत्तपत्रांपर्यंत स्त्रीवर जे जे दोष लादले गेले, ते त्या एकेक करून हातीं घेतात आणि हाच दोष पुरुषांत नाहीं काय, असा प्रश्न करितात. पत्नीच्या निधनानंतर पुरुषाला पुन्हां बोहल्यावर चढतां येतें. मग पतीच्या निधनानें स्त्रीचेंच आयुष्य कां संपावें? इंग्रजी पोशाख व चालीरीति खुशाल उचलणाऱ्या पुरुषाला धर्माची आठवण स्त्रीच्याच बाबतींत कां व्हावी? त्यांचा राग केवळ रूढीवर नाहीं. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणासहि त्या जाब विचारतात. मराठी वाङ्मयावरील स्त्रीच्या दृष्टीची ही आरंभींची टीका होय, आणि ग्रंथाचें खरें मोल मला येथें दिसतें. अन्याय मोठ्या घटनेंत प्रकट होतो, परंतु तो पोसला जातो तो मनोरंजनाच्या आणि बोलण्याच्या रोजच्या संवयींत, हें त्यांनीं ओळखलें होतें.

या ठिकाणीं मला स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. शेक्सपिअरच्या ज्या नाटकाचें वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनीं 'त्राटिका' या नांवानें रूपांतर केलें, तें मीं अनेक वर्षें वर्गांत शिकविलें. शेक्सपिअरची तोंडाळ नायिका मराठींत आली ती राक्षसीचें नांव घेऊन, आणि तें नांव आजहि आपल्या घरांतून सहज उच्चारलें जातें. मीहि शिकवितांना दरवर्षीं म्हणत असें, "या नाटकाचा प्रयोग मी रोज घरीं फुकट पाहतों." वर्ग हंसे. एका वर्षीं तास संपल्यावर एका विद्यार्थिनीनें शांतपणें विचारलें, "सर, हा विनोद काकूंना माहीत आहे का?" मीं "तुला थट्टा कळत नाहीं वाटतें," असें म्हणून वेळ मारून नेली. घरीं पोहोंचेपर्यंत लक्षांत आलें कीं, तो विनोद पत्नीसमोर उच्चारण्याचें धैर्य मला कधींच झालें नव्हतें. शिवाय दोष माझा असतां मीं तो त्या मुलीच्या रसिकतेवर ढकलला होता. ताराबाईंनीं ज्या युक्तीवर सारा ग्रंथ लिहिला, ती मीं अर्ध्या वाक्यांत वापरली होती.

ग्रंथांत उणिवा आहेत. पुनरुक्ति फार आहे. संतापाच्या भरांत युक्तिवाद कोठें कोठें सैल होतो. वेश्यांविषयीं लिहितांना तर लेखिकेची सहानुभूति आटून जाते. या उणिवा दाखविणें टीकाकाराचें कर्तव्यच आहे. मात्र भाषेच्या कडकपणाची चर्चा करून मूळ प्रश्न टाळण्याची सोय पुरुष टीकाकाराला फार लवकर सांपडते, हेंहि त्यानें मान्य करावें. जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं 'सत्सार'मध्यें या पुस्तकाची बाजू घेतली, हें त्यांना भूषणावह आहे. त्यानंतर ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघाल्याचें आढळत नाहीं.

"सर्वच पुरुष तसे नसतात," हें उत्तर आपण नेहमीं देतों. तें खरेंहि आहे. पण तो जबाब नव्हे. भित्र्या पुरुषाला "बांगड्या भर" असें कोणी म्हणालें तेव्हां आपण हंसलों कीं नाहीं, सुनेचें बोलणें मध्येंच तोडलें गेलें तेव्हां आपण वर्तमानपत्रांतून मान वर केली कीं नाहीं, एवढेंच ज्यानें त्यानें सांगावयाचें आहे. त्या विद्यार्थिनीची मीं पुढल्या तासाला वर्गासमक्ष क्षमा मागितली. तो विनोद पुन्हां केला नाहीं. ही मोठी गोष्ट नव्हे हें मी जाणतों. पण 'स्त्री-पुरुष तुलने'वर व्याख्यान देण्याचा अधिकार मला त्यापूर्वीं नव्हता.