करकंबच्या टेपवरचं २००४

‘सावरखेड एक गाव’मधला गोंधळ मी ऐकायला घेतला तो जरा संशयानंच. पंढरपूरजवळच्या आमच्या करकंबात लग्न झालं की घरी गोंधळ घालतात आणि त्या जागरणांनी कान तयार झालेला असतो. सिनेमातला गोंधळ म्हणजे ढोलकी-तबल्यावर भागवलेला, हा तोवरचा अनुभव. इथं मात्र संबळ पुढं आला आणि शेवटपर्यंत मागं हटला नाही.

अंगणातल्या गोंधळात एक गोष्ट कायम घडते. संबळाची दोन भांडी, एक चढ्या सुराचं आणि एक खर्जाचं, जोरात वाजायला लागली की नाईकाचे, म्हणजे मुख्य गोंधळ्याचे, शब्द त्यात बुडतात. म्हणून नाईक ओळ सांगतो तेव्हा संबळवाला हात आवरतो आणि ओळ संपली की पुन्हा सुटतो. संगीतकार अजय-अतुलनी हा आवरता हातच काढून टाकला. अजय गोगावलेचा आवाज एवढ्या वरच्या पट्टीत ठेवलाय की संबळाला दबून राहायची गरज उरत नाही, आणि झील धरणाऱ्यांचा घोळका दोघांच्या मागं रुंद पसरतो. त्यातही मला आवडतो तो गळा. रियाजानं घोटून गुळगुळीत केलेला नाही. वरच्या सुरावर जाताना तो किंचित फाटतो. पहाटे तीनच्या सुमाराला गोंधळ्याचा गळा असाच झालेला असतो. दोघा भावांनी संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही हे नंतर वाचलं, आणि आश्चर्य वाटलं नाही. दिग्दर्शक राजीव पाटील यांच्याच ‘जोगवा’नं या जोडीला पुढं राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला, तिथला गोंधळ जास्त गाजला, पण मला अजूनही हा आधीचाच बरा वाटतो.

‘सावरखेड’च्याच कॅसेटमध्ये कुणाल गांजावालाचं एक हळुवार गाणं आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याचाच आवाज ‘मर्डर’मध्येही होता. गावातल्या पोरांकडं दोन्ही कॅसेटी असायच्या. एक ओसरीवर मोठ्यानं लागायची, दुसरी माडीवर, आवाज बारीक करून. गायक एकच आहे हे घरातल्या थोरांच्या ध्यानात कधी आलं नाही, ते बरंच झालं.

अजय-अतुलची २००४ मधली दुसरी कॅसेट ‘अगं बाई अरेच्चा!’ची. दिग्दर्शक केदार शिंदे, म्हणजे शाहीर साबळे यांचा नातू. ‘मल्हारवारी’ हे पद शाहिरांनी आधीच महाराष्ट्रभर पोचवलेलं, त्यामुळं नातवाच्या सिनेमात ते येणं म्हणजे घरचाच माल बाहेर काढणं. शाहीर ते उघड्या रंगमंचावर गायल्यासारखं गातात, शब्द फेकतात, समोरच्या गर्दीशी बोलतात. सिनेमातलं तेच पद मोठं केलंय: व्हायोलिनांचा ताफा, पितळी वाद्यांचे फटके, कोरस, आणि त्या सगळ्यावर अजय. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पुष्कळदा ऐकल्यावर मात्र जाणवतं की वाद्यवृंद गाण्याला जरा जास्तच धक्का देतोय. गाणं आपल्या पायावर वर चढायच्या आत तो त्याला उचलतो. ‘सावरखेड’मधल्या गोंधळाला असा हात लागत नाही.

या कॅसेटमधलं माझं गाणं वेगळंच, गुरू ठाकूर यांनी लिहिलेलं आणि शंकर महादेवन यांनी गायलेलं. महादेवन यांच्या गळ्यात ताना-हरकतींचा केवढा साठा आहे, हे सगळ्यांना ठाऊक. इथं तो साठा बंद ठेवलाय. सुरुवात बोलण्याच्या सुरात होते, शब्द जवळजवळ सपाट म्हटलेत, आणि चाल वर उघडते तेव्हाही ते सजवत नाहीत, फक्त श्वास लांबवतात. मराठी उच्चारांत कुठंतरी हलकासा परकेपणा आहे. माझ्या मते त्यानंच गाणं राखलं, कारण अस्सल मराठी भावगीताच्या लाडिकपणात ते सहज घसरलं असतं.

मग जून आला. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची आणि पैठणहून एकनाथांची, अशा दोन्ही पालख्या करकंबवरून पंढरपूरला जातात. त्या दिवसांत टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीत प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी. त्या वर्षी आषाढी तोंडावर असतानाच ते गेले. टपऱ्यांवरच्या कॅसेटी बदलल्या नाहीत, बदलायच्या कशाला? पण मी त्या नव्यानं ऐकल्या.

या कॅसेटींना २००४ ची म्हणता येणार नाही, त्या कितीतरी आधीच्या. तरी माझ्या यादीत त्या येतात, कारण अजय-अतुलचा तो भरगच्च आवाज कानात असताना शिंदे ऐकले की त्यांच्याकडं किती कमी सामान होतं ते कळतं. पेटी, ढोलक, टाळ, मधेच बासरीचा एखादा तुकडा. बाकी सगळं गळ्यावर. हा गळा तयार झाला कव्वालीत. विठ्ठलाच्या गाण्यात ते ओळीचं शेवटचं अक्षर जसं वर भिरकावतात आणि कोरस परत येईपर्यंत तिथंच धरून ठेवतात, ती रीत देवळातल्या भजनाची नाही, कव्वालाची आहे. भजनी मंडळ समेवर सगळ्यांना एकत्र आणतं. शिंदे समेच्या आधी एकटे वर जाऊन उभे राहतात. हाच आवाज भीमगीतांत, हाच कव्वालीच्या मुकाबल्यात, हाच सत्यनारायणाच्या कथेत. त्यांना शास्त्र कमी होतं म्हणून नाक मुरडणारे मी पाहिलेत. शब्द इतका स्वच्छ आणि सूर इतका सरळ लावून दाखवणारे मात्र त्या नाक मुरडणाऱ्यांत फारसे भेटले नाहीत.

दिवाळीला ‘वीर-झारा’ आला. १९७५ साली गेलेल्या मदनमोहन यांच्या न वापरलेल्या चाली, त्यांच्या मुलानं, संजीव कोहली यांनी, नव्यानं बांधलेल्या, आणि पंचाहत्तरीतल्या लताबाई. आदरानं ऐकला. आदरानं ऐकावा लागतो, हीच त्याची अडचण.

आणि वर्ष संपता संपता ‘स्वदेस’. पडद्यावरचं चरणपूर म्हणजे वाईजवळचं मेणवली, कृष्णेचा घाट आणि नाना फडणविसांचा वाडा, त्यामुळं सिनेमातलं उत्तर भारतातलं गाव आम्हाला ओळखीचंच वाटलं. त्यात वीज जाते आणि सगळं गाव अंधारात बसतं, तो प्रसंग आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होता. टेपमध्ये सेल घालून गाणी ऐकायचे दिवस होते. सेल उतरायला लागले की उदित नारायण हळूहळू हरिहरन होत जायचे.

रहमाननं इथं अजय-अतुलच्या नेमकं उलट केलंय. त्याचं गाव कमी वाद्यांतून उभं राहतं. रामलीलेचं गाणं घ्या. मधुश्री सीतेचा विलाप लांबलचक स्वरांत गातात, मग रावणाचा टोमणा येतो (त्यात दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर यांचाही आवाज आहे), आणि त्यानंतर विजय प्रकाश रामाच्या बाजूचं उत्तर देतात. कीर्तनकार आधी शंका उभी करतो, ती पुरती तापू देतो आणि मग टाळकऱ्यांना सोबत घेऊन उत्तराकडं वळतो, तीच बांधणी. नाट्य चालीत आहे, गोंगाटात नाही.

रहमाननं स्वतः गायलेलं गाणं सगळ्यांच्या तोंडी झालं. त्याचा आवाज पार्श्वगायकाचा नाही, वर गेला की बारीक होतो, आणि परदेशात अस्वस्थ बसलेल्या नायकाला तोच शोभतो. पण माझी निवड त्याच चालीच्या सनईवरच्या तुकड्याची. वाजवलीय मधुकर धुमाळ यांनी. सोलापूर जिल्ह्याला सनई नवी नाही. तिची धाकटी बहीण सुंदरी सोलापूरच्या जाधव घराण्यानं जपली आहे. आमच्या कानात सनई म्हणजे मांडव, चौघडा, अक्षता. धुमाळ तीच सनई मांडवातून बाहेर काढतात. लग्नातली सनई सुरांना नाचवते, फिरकी देते. इथं एकेक स्वर आधी सरळ लावलाय आणि सोडताना फक्त जरासा खाली झुकवलाय. शब्द नसल्यानं गाण्यातला उपदेशही गळून पडतो. गायलेल्या गाण्यात नायकाला परत ये म्हणून सांगणारं कुणीतरी आहे. सनईत कुणी सांगत नाही, नुसती ओढ आहे.

पुढं यातलं करकंबात काय टिकलं? वरातीत बँजोवाले ‘मल्हारवारी’ हटकून वाजवतात. पितळी वाद्यांचे फटके त्यात आधीच बसवलेले आहेत, त्यांना फार काही करावं लागत नाही. ‘सावरखेड’चा गोंधळ वाजवा म्हणून मी एका वरातीत सांगून बघितलं. त्यांच्याकडं संबळ नव्हता. त्यांनी ड्रमपॅडवर काढून दाखवला आणि वर विचारलं, ‘हाच ना, दाजी?’