एका तळटीपेचं परीक्षण

परीक्षण पुस्तकाचं करतात. मी एका तळटीपेचं करतोय.

'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस', खंड चौथा, 'रिडल्स इन हिंदुइझम'. प्रकाशक महाराष्ट्र शासनाचा शिक्षण विभाग, साल १९८७. त्यात राम आणि कृष्णावरचं एक परिशिष्ट आहे. नंतरच्या छपाईत त्याच्या खाली बारीक टायपात टीप आली : या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही. एवढंच. पण या एका ओळीसाठी मुंबईचे रस्ते माणसांनी भरले होते.

हे लिखाण बाबासाहेबांच्या हयातीत छापलं गेलं नव्हतं. टाइप केलेल्या कागदांच्या ढिगातून ते उभं केलं आमच्या नागपूरच्या वसंत मून यांनी. खंड निघाला, काही महिने कुणाला काही झालं नाही. मग 'लोकसत्ते'त माधव गडकरींनी टीका केली. जानेवारी १९८८ मध्ये शिवसेनेचा मोर्चा निघाला, अमरावतीत प्रत जाळली गेली आणि शंकरराव चव्हाणांचं सरकार परिशिष्ट मागं घ्यायला तयार झालं. फेब्रुवारीत आमचे लोक लाखांनी मुंबईत उतरले. तेव्हा कुठं तडजोड झाली. मजकूर राहील, खाली टीप येईल.

आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मी ती टीप बापाला मराठीत वाचून दाखवली. बाप गिरणीतला माणूस, इंग्रजी येत नव्हतं. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मंग बाकीचं सारं सरकारले पटते का बे?"

या टीपेवर याच्याइतकी नेमकी समीक्षा मी पुढं वाचली नाही. याच मालेच्या पहिल्या खंडात, १९७९ मध्ये, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' छापलंय. जातीला आधार देणारी शास्त्रंच उडवून लावा, असं सांगणारं भाषण. तिथं शासनाला असहमती नोंदवावीशी वाटली नाही. म्हणजे काय, जातिअंत शासनाला मान्य? छे! तिथं रस्त्यावर मोर्चा नव्हता, इतकंच. ही टीप मताची नाही, मोर्चांच्या वजनाची आहे. ज्याची गर्दी मोठी त्याचं स्वातंत्र्य मोठं. उद्या गर्दी जमली नाही तर?

आपले विद्वान लगेच अमेरिकेचा दाखला देतात. बघा, त्यांची पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची, काँग्रेसला भाषणस्वातंत्र्यावर कायदाच करू देत नाही. बरोबर आहे. पण त्याच काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहानं १८३६ पासून १८४४ पर्यंत गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा नियम चालवला. आज तिथल्या कित्येक शाळांच्या कपाटांतून टोनी मॉरिसनचं 'द ब्लूएस्ट आय' काढलं जातं. ज्यांच्या पँथरवरून आपण १९७२ मध्ये नाव घेतलं, त्यांनाही कागदावरचं स्वातंत्र्य फुकट मिळालेलं नाही.

आणि आपली पहिली घटनादुरुस्ती? १९५१ ची. तिनं भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची यादी वाढवली. कायदामंत्री कोण होते? बाबासाहेब. संसदेत त्यांनी ती दुरुस्ती मांडून धरली. हे मी आपल्या पानात लिहितोय, शिव्या खायची तयारी ठेवून. निर्बंधाला 'वाजवी' हा शब्द तिथंच जोडला गेला आणि त्यामुळं कोर्टाला तपासायला जागा राहिली, हेही खरं. पण त्या निर्बंधांचा दोर आज कुणाच्या हातात आहे ते आपण पाहतोच.

राहिला जाळण्याचा मुद्दा. तेव्हा पांढरपेशे विचारायचे, तुम्ही २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली ती चालते, आणि आम्ही 'रिडल्स' जाळलं की वाईट? माझं उत्तर सरळ आहे. स्वतःच्या पैशानं घेतलेली प्रत जाळा बापहो, खुशाल जाळा. महाडच्या लोकांनी मनुस्मृतीची छपाई बंद करा असं कुठल्या सरकारला सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत. फरक तिथं आहे.

पण हाच फरक आपण २०१२ मध्ये विसरलो. एनसीईआरटीच्या पुस्तकात शंकरचं १९४९ चं व्यंगचित्र होतं, घटनेच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब. त्यावरून पुण्यात प्रा. सुहास पळशीकरांचं ऑफिस फोडलं. फोडणारे आपले होते. चित्र मलाही आवडलं नाही, हातातला चाबूक बघून रक्त तापतं. तरी खुर्च्या मोडून काय सिद्ध झालं? चव्हाण सरकारपुढं जे त्या मोर्चानं केलं तेच आपण केलं. चित्र पुस्तकातून गेलं. इथं तर तळटीपसुद्धा उरली नाही.

आता पुस्तकावर बंदी घालायचीही गरज पडत नाही. छापायचंच नाही, झालं! २०२१ मध्ये याच मालेची छपाई रखडल्याची बातमी 'लोकसत्ते'नंच दिली, हो, त्याच 'लोकसत्ते'नं, आणि मुंबई हायकोर्टानं ती स्वतःहून याचिका म्हणून घेतली. मागच्या खेपेला दीक्षाभूमीवर एका पोरानं माझ्याकडं चौथा खंड मागितला. माझी प्रत दिली नाही, झेरॉक्स करून दिली. टीपेसकट.