‘गॅस झालाय’ : एका निदानाची तपासणी

केडगावला माझे मामा कांदा करतात. शेतीपंपाला वीज रात्रीची असली की नऊच्या सुमारास जेवायचे, थोडे पडायचे आणि अकरा-साडेअकराला बॅटरी घेऊन दारे धरायला जायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री ते भरणे अर्धवट सोडून दोन वाजताच घरी परतले. छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या टोकाला, कोणी मूठ रोवून धरावी तसे होत होते. मळमळ होती, अंगाला घाम होता. ‘गॅस झालाय,’ मामा म्हणाले आणि घरात सर्वांना ते पटले. मग सोडा-लिंबू झाले, ओवा-मीठ चावून झाले, तान्ह्या मुलांना लावतात तसा बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला. दोनदा ढेकर आली तेव्हा मामींना हायसे वाटले. सकाळी पुण्याला नेल्यावर ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका येऊन सात तास उलटले होते. मामा बचावले, पण हृदयाच्या स्नायूचा मेलेला भाग काही परत येत नाही.

मी डॉक्टर नाही. माझे काम प्रयोगशाळेतल्या जिवाणूंचे. पण त्या रात्रीनंतर मला एक खोड लागली. ‘रात्री पोटात गॅस होतो? हे उपाय करा’ अशा मथळ्याचे जे जे लेखन हाती येईल ते मी जपून ठेवू लागलो. दिनदर्शिकेच्या पाठीमागचा मजकूर, साप्ताहिक पुरवण्यांतील सदरे, आरोग्यविषयक पुस्तिका आणि अलीकडे फोनवर फिरणारे संदेश, सगळे त्यात आले. या लेखनाला सरसकट खोटे ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यातले काही उपाय चांगले आहेत, हे पुढे येईलच. माझी तक्रार आहे ती त्याच्या पहिल्याच वाक्याशी. दुखणे कोणते हे न विचारता ‘गॅस’ हे उत्तर तिथे गृहीत धरलेले असते.

आपल्या भाषेत असे नव्हते. फार जेवण झाले तर पोटाला तडस लागते. अपचनाने गुबारा धरतो, पोट डब्ब होते. करपट ढेकर येते, आंबट पाणी घशाशी येते, छातीत जळजळते, पोट गुरगुरते, मुरडा येतो, कळ उठते. यांतला प्रत्येक शब्द जागा सांगतो किंवा दुखण्याची जात सांगतो. ‘घशाशी आले’ म्हटले की जठर आणि अन्ननलिका, ‘मुरडा’ म्हटले की आतडे. गेल्या दोन-तीन पिढ्यांत ‘गॅस’ या एका शब्दाने हे सारे शब्द गिळले. त्याच्या पोटात आता छातीतले दुखणेही गेले आहे. (शिवाय आयुर्वेदातला ‘वात’ आणि रसायनशास्त्रातला ‘वायू’ यांची सरमिसळ होते ती वेगळीच. वात ही शरीरातील हालचालींविषयीची संकल्पना आहे, बाटलीत भरता येईल असा वायू नव्हे.)

आता मोजमापाकडे वळू. अमेरिकेत मायकेल लेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्यात आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडून आतला सगळा वायू धुऊन बाहेर काढला व मोजला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात तो सरासरी सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या मोठ्या कपाएवढा भरला. १९७५ मध्ये त्यांनी ‘पोट फुगते, दुखते’ अशी कायमची तक्रार असलेले रुग्ण आणि निरोगी माणसे यांची तुलना केली. रुग्णांच्या पोटात वायू जास्त नव्हताच! फरक दिसला तो वेगळा. तेवढ्याच वेगाने वायू आत सोडला असता रुग्णांना कळा आल्या, निरोगी माणसांना विशेष काही झाले नाही. म्हणजे अनेकांच्या बाबतीत दोष वायूच्या राशीत नसून आतड्याच्या संवेदनेत आणि वायू पुढे ढकलण्याच्या शक्तीत असतो. पोट खरोखर पुढे आलेले दिसते, तेही दरवेळी वायूमुळे नसते. बार्सिलोना येथील संशोधकांनी २००९ मध्ये सीटी स्कॅनच्या साहाय्याने दाखवले की अशा काही रुग्णांत श्वासपटल खाली सरकते, पोटाची पुढची भिंत सैल पडते आणि आतला ऐवज फारसा न वाढताही पोट पुढे येते.

‘गॅस रात्री जास्त तयार होतो’ हे विधान माझ्या संग्रहात पुन्हा पुन्हा आहे. इंग्लंडमध्ये टॉमलिन, लोविस आणि रीड यांनी १९९१ मध्ये दहा निरोगी व्यक्तींना नेहमीच्या आहाराबरोबर २०० ग्रॅम बेक्ड बीन्स देऊन चोवीस तासांत सरलेला वारा मोजला. तो ४७६ ते १४९१ मिलिलिटर भरला. दिवसा ताशी सुमारे ३४ मिलिलिटर, झोपेत सुमारे १६. रात्रीचा वेग निम्म्याहून कमी! तंतुमय पदार्थ वगळलेला आहार दिल्यावर किण्वनातून येणारा वायू जवळजवळ नाहीसा झाला, दिवसाला २०० मिलिलिटरच्या आसपास उरला.

मग रात्रीच त्रास का जाणवतो? एक कारण वेळेचे आहे. डाळी-कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज यांसारख्या शर्करा असतात, तर कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टान असतात. यांचे तुकडे करणारे विकर माणसाच्या आतड्यात नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचे किण्वन करून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेनही बनवतात. जेवणापासून या टप्प्यापर्यंत साधारण चार ते सहा तास जातात. नऊ वाजता पिठले-भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा खाल्ला तर गुरगुर एक-दोन वाजता सुरू होणार, हे ओघानेच आले. दुसरे कारण, आडवे पडल्यावर वायू पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. तिसरे अगदी साधे आहे. दिवसभराच्या गडबडीत ज्याकडे लक्ष जात नाही, ते अंधारात निजल्यावर ऐकू येते.

या माहितीवर घासून पाहिले तर घरगुती उपायांतले काही टिकतात. शतपावली टिकते. २००३ साली बार्सिलोनाच्याच गटाने निरोगी माणसांच्या आतड्यात ठरावीक वेगाने वायू सोडून पाहिले की उताणे निजण्यापेक्षा ताठ बसल्या-उभ्याने तो लवकर बाहेर पडतो. २००६ मध्ये पोट फुगण्याची तक्रार असलेल्यांना हलका व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्याही आतड्यात वायू कमी साठला. कडधान्य भिजवून ते पाणी फेकणे आणि मोड आणणे, या स्वयंपाकघरातल्या जुन्या रीती तर उत्तम रसायनशास्त्र आहेत. रॅफिनोज गटातल्या शर्करा ही बीजाची शिदोरी. कोंब फुटताना बीज ती स्वतःच खाते आणि आपल्या जिवाणूंसाठी कमी उरते.

डाव्या कुशीवर झोपण्याचा सल्ला मात्र चुकीच्या नावाने दिला जातो. त्या स्थितीत अन्ननलिकेचे जठराकडील तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहते, त्यामुळे आंबट पाणी घशाशी येणे कमी होते. तेव्हा तो उपाय आम्लावर आहे, आतड्यातल्या वायूवर नव्हे. सोड्याची गोष्ट तर गमतीची आहे. एक ग्रॅम खायचा सोडा जठरातल्या आम्लाशी पूर्ण संयोग पावला तर शरीराच्या तापमानाला सुमारे ३०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे गॅसवरचे औषध म्हणून आपण गॅसच घेतो आणि मग आलेल्या ढेकरीला गुण आला म्हणतो. आम्लाची जळजळ त्याने तात्पुरती शमते हे खरे. रक्तदाब असलेल्यांनी त्यातल्या सोडियमचा विचार करावा, हे संग्रहातल्या फार थोड्या लेखांत आढळते. ओवा-हिंगाबद्दल मी निकाल देणार नाही. चिमूटभराने अपाय नाही, पण त्यावर विसंबून रात्र काढू नये.

पवनमुक्तासनाचा दाखला अनेक लेखक देतात. वारा मोकळा होतो हे त्याच्या नावातच आहे, एवढाच त्यांचा पुरावा. इथे मला आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस आठवतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. नौली करताना मोठ्या आतड्यात पाणी वर ओढले जाते, हे योग्यांना ठाऊक होते. कुवलयानंदांनी आतला दाब प्रत्यक्ष मोजला, तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरल्याचे दाखवले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. क्ष-किरण चित्रेही घेतली. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी आज कोणी सहमत असेल-नसेल, पण क्रियेचे नाव म्हणजे तिच्या परिणामाचा पुरावा, असे त्यांनी मानले नाही. शंभर वर्षांनंतरच्या आपल्या आरोग्यलेखकांना एवढेही करावेसे वाटत नाही, याचे वाईट वाटते.

पण सर्वांत गंभीर उणीव वेगळी आहे. माझ्याजवळच्या लेखांपैकी बहुतेकांत ‘हे गॅसचे दुखणे नसेलही’ असे एक वाक्यसुद्धा नाही. हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते आणि त्याखाली लगेच जठर. दोन्हींच्या वेदना मज्जारज्जूत शेजारशेजारच्या वाटांनी पोहोचतात, त्यामुळे मेंदूची गफलत होते. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखे होणे, दरदरून घाम, धाप, मळमळ, जबड्याकडे, पाठीकडे वा हाताकडे जाणारी कळ, यांतले काही असेल तर ओवा शोधत बसायचे नसते. १०८ क्रमांकाला फोन करायचा आणि ईसीजी काढायचा. मधुमेह्यांना तर छातीत दुखेलच असेही नाही. ढेकर आली म्हणून हृदय ठीक आहे असे ठरत नाही. मामांच्या घरी नेमके तेच ठरले होते.

शिक्षकांना वर्गात एक गोष्ट करता येईल. इडलीचे ताजे पीठ अर्ध्या बाटलीत भरून तोंडाला फुगा लावून रात्रभर ठेवा, सकाळी फुगा उभा राहिलेला दिसेल. किण्वन समजावण्यास हे पुरेसे आहे. मात्र त्यावरून ‘आपले पोटही असेच फुगते’ असे सांगून थांबू नका, कारण बाटलीला दुखत नाही. त्यानंतर मुलांना घरून पोटाच्या तक्रारींचे शब्द गोळा करून आणायला सांगा. अट एकच, ‘गॅस’ हा शब्द चालणार नाही. फळ्यावर धडाची आकृती काढून प्रत्येक शब्द त्याच्या जागी लिहायचा. दौंड तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही हे केले तेव्हा आठवीच्या मुलांनी आजी-आजोबांकडून आणलेले एकवीस शब्द भरले. त्यातले चार मलाही नवे होते. एका मुलीने आजोबांचा ‘गॅस’ नेमका कुठे दुखतो ते विचारून आणले होते. तिने खडूने फुली मारली ती छातीच्या मधोमध.

मामा आता दारे धरायला जात नाहीत, त्यांचा मुलगा जातो. त्या रात्रीचा विषय निघाला की ते अजूनही म्हणतात, ‘आधी गॅसच होता, मग हार्टचं निघालं.’