बेडे कोणाला उघडायचे?

भुतांच्या बाबतीत कोकणी माणसाला कोणी शिकवायला जाऊ नये. आमच्या रत्नागिरीकडे भुतांचेसुद्धा रीतसर खातेवाटप आहे. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, समंध पुरलेल्या धनावर आणि चकवा आडवाटेला. प्रत्येकाला पत्ता आहे, हद्द आहे आणि मुख्य म्हणजे मागणी आहे. नारळ म्हणा, कोंबडा म्हणा, बोलणी करता येतात. त्यामुळे रॉबर्ट कर्कमन या अमेरिकन लेखकाची 'द वॉकिंग डेड' ही चित्रमालिका पुतण्याने आणून दिली, तेव्हा पहिली शंका हीच आली, की या भुतांना हवे तरी काय?

काही नको! ही प्रेते नुसती चालतात आणि जिवंत माणूस दिसला की चावतात. सूड नाही, अपुरी इच्छा नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी चार पाने चाळून पुस्तक मिटले. म्हणाले, "जमिनीचा वाद नाही, कोर्टात दावा नाही, मग मेला हा उठतो कशाला?" रत्नागिरीच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड होता.

मालिका ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०१९ मध्ये संपली. अंक एकूण १९३. पहिले सहा टोनी मूरने चितारले, पुढचे सगळे चार्ली अ‍ॅडलार्डने. आतली पाने काळी-पांढरी, म्हणजे रक्तही काळे. सोलकढी पिताना वाचायला हरकत नाही. रंगीत असते तर पंचाईत होती.

रिक ग्राइम्स हा पोलीस गोळी लागून बेशुद्ध पडतो आणि इस्पितळात जागा होतो, तो जग बुडालेले. मग बायकामुले शोधा, माणसे जमवा, आसरा शोधा. कधी शेत, कधी तुरुंग, कधी तटबंदीची वसाहत. आसरा मिळाला की कुंपण, कुंपण झाले की बाहेरचा माणूस, तो आला की भांडण, आणि शेवटी कुंपण आडवे! साठ-सत्तर अंकांनंतर हे चक्र पाठ होते. खलनायकही चढत्या मापाचे. १००व्या अंकात नीगन बॅटने ग्लेनचा जीव घेतो, ते तर इतके सविस्तर दाखवले आहे, की लेखकाला 'अहो, कळले!' असे ओरडून सांगावेसे वाटते.

पण या लांबीचा एक फायदा आहे. रिकचा पोरगा कार्ल आपल्या डोळ्यांदेखत वाढतो. आणि हळूहळू लक्षात येते, की गोष्ट प्रेतांची नाहीच. इथे न चावताही जो मरेल तो उठतोच. म्हणजे कुंपणाच्या आतला प्रत्येकजण उद्याचे भूतच. खरा प्रश्न एवढाच, की बेडे कोणाला उघडायचे?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मे २०२० आठवून पाहा. गणपतीत ज्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे, तेच चाकरमानी मुंबईहून आले आणि गावांनी वाटा अडवल्या. कितीतरी जणांनी आपल्याच गावच्या शाळेत चौदा दिवस काढले. घरचे लोक जेवणाचा डबा लांब ठेवून मागे सरत होते. गावात म्हातारी माणसे होती, त्यांची भीती खोटी नव्हती. आणि मुंबईच्या एका खोलीत कोंडलेल्याने गावी यायचे नाही, तर जायचे कुठे? तिथे नीगन कोणीच नव्हता. कर्कमनला नेमके हेच सगळीकडे साधत नाही. दोन्ही बाजू बरोबर असल्या की त्याला घाई होते आणि तो एक दुष्ट माणूस आणून उभा करतो.

शेवट मात्र त्याने झकास केला आहे. पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठे जाहीर करून ठेवली आणि गुपचूप मालिका संपवली. त्या अंकात बरीच वर्षे लोटली आहेत. प्रेते इतकी दुर्मिळ झालीत, की हर्शल नावाचा तरुण ती खेळ म्हणून गावोगाव दाखवत फिरतो. कार्ल त्यातले एक मारतो, तर कज्जा कार्लवरच! हे ऐकून मास्तर खुलले. "बघा! शेवटी का होईना, दावा दाखल झाला."

ज्यांनी ती भीती पाहिली नाही, त्यांना तिची जत्रा वाटते. आपल्या शाळांतूनही त्या मे महिन्याची काही खूण उरलेली नाही. तिथे पोरे पाढे म्हणताहेत. तेच बरे. पण हे १९३ अंक कोणाकडून तरी मागून जरूर वाचा. मधले थोडे भरभर उलटलेत तरी चालेल.