शास्त्रार्थ आणि यादी : विद्यासागरांचा 'बहुविवाह'

ईश्वरचंद्र विद्यासागर मराठी वाचकाला परिचित आहेत ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून. त्या विषयावरील त्यांचे विवेचन विष्णुशास्त्री पंडितांमुळे मराठीत आले आणि आपल्याकडील वादालाही त्याने बळ दिले. बहुविवाहाची चाल कायद्याने बंद करावी की नाही याचा विचार करणारी त्यांची दोन पुस्तके (१८७१ आणि १८७३) मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. विधवाविवाहाच्या पुस्तकापाठोपाठ १८५६ चा कायदा झाला. बहुविवाहाच्या पुस्तकांनंतर काहीच झाले नाही. फसलेल्या चळवळीचे वाङ्मय सहसा कोणी जपत नाही. तरीही गद्यकृती म्हणून पाहता विद्यासागरांचे अधिक समर्थ लेखन या दुसऱ्या वादात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. बंगालमधील कुलीन ब्राह्मणांत कुलमर्यादा राखण्यासाठी मुलगी ठरावीक घराण्यांतच द्यावी लागे. त्यामुळे वरांची टंचाई निर्माण झाली आणि विवाह करणे हाच कित्येकांचा उदरनिर्वाह होऊन बसला. या प्रथेविरुद्ध १८५५ मध्ये विद्यासागरांनी सरकारकडे अर्ज केला. बर्दवानच्या महाराजांसारखे मातब्बर लोकही त्या मागणीच्या पाठीशी होते. कायद्याचा मसुदा मांडला जाण्याची चिन्हे दिसत असतानाच १८५७ चा उठाव झाला, आणि हिंदूंच्या चालीरीतींत हात घालण्याचे सरकारचे धैर्य संपले. १८६६ मध्ये पुन्हा अर्ज गेले, समिती नेमली गेली. कायदा करणे शक्य नाही असा तिच्या बहुसंख्य सभासदांचा निष्कर्ष होता. समितीत असलेल्या विद्यासागरांनी भिन्न मत नोंदविले. पुस्तके लिहिली गेली ती या पराभवानंतर, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांतील स्वराचा उलगडा होतो.

पहिल्या पुस्तकाचा प्रारंभ अपेक्षेप्रमाणे शास्त्रार्थाने होतो. मनूने पहिली पत्नी हयात असता दुसरी करण्याची मुभा दिली ती वंध्यत्व, व्याधी अशा ठरावीक निमित्तांपुरती. केवळ इच्छेखातर करावयाचे विवाह खालच्या वर्णातील स्त्रियांशी व्हावेत असे सांगितले, आणि असवर्ण विवाह तर कलियुगात निषिद्ध. म्हणून स्वैर बहुविवाहाला शास्त्राचा आधार उरत नाही, अशी ही मांडणी आहे. युक्तिवाद चातुर्याचा आहे, पण काहीसा ओढूनताणून केलेला वाटतो. निषेध सिद्ध करण्यासाठी ज्या वचनांचा आश्रय घेतला त्यांतच काही स्त्रियांना टाकून देण्याची परवानगी आहे, ही अडचण त्याला ओलांडता येत नाही.

शास्त्रार्थ मागे टाकून लेखक जेव्हा माणसांकडे वळतो तेव्हा पुस्तक खऱ्या अर्थाने जिवंत होते. इतकी लग्ने केलीत, सगळीकडे जाता का, असे विचारल्यावर एक वृद्ध कुलीन निर्विकारपणे सांगतो की जिथे 'व्हिजिट' मिळते तिथे जातो. डॉक्टरच्या फीचा हा इंग्रजी शब्द सासुरवाडीच्या दक्षिणेसाठी वापरला जावा, यात सारी व्यवस्था उघडी पडते. दुसरा एकजण म्हणतो की दुष्काळात लोक अन्नावाचून मेले, पण आपल्याला त्याची झळ जाणवली नाही. लग्ने करीत आपण सुखाने दिवस काढले. विद्यासागर येथे आपला संताप आवरतात. बोलणाऱ्याला बोलू देतात आणि बाजूला होतात.

याच संयमाचे टोक म्हणजे पुस्तकातील यादी. ही चाल आता संपत आली आहे, कायद्याची गरज काय, या आक्षेपाला उत्तर म्हणून त्यांनी हुगळी जिल्ह्यातील बहुपत्नीक कुलीनांची नावे छापली: नाव, विवाहांची संख्या, वय, गाव. जनाई या गावाची यादी वेगळी दिली. रकाने, आकडे, पुन्हा आकडे. वाचक पहिल्या पानावर चकित होतो, दुसऱ्यावर कंटाळतो, आणि त्या कंटाळ्याचीच त्याला लाज वाटू लागते. त्या यादीत पत्नींची नावे नाहीत. विवाहांच्या रकान्यातील एका संख्येत त्या सामावल्या आहेत. हे लेखकाने हेतुपूर्वक केले असे म्हणता येणार नाही. परंतु माहेरी वाढून माहेरीच वृद्ध होणाऱ्या त्या स्त्रियांची स्थिती याहून नेमकी कोणत्या वर्णनाने सांगितली असती?

प्रतिवाद्यांत तारानाथ तर्कवाचस्पतींसारखे पंडित होते. त्यांनी संस्कृतात खंडन लिहिले, आणि त्यांची खिल्ली उडवणाऱ्या पुस्तिका विद्यासागरांनी टोपणनावाने काढल्या. त्या वाचायला गमतीच्या आहेत, पण बहुविवाहाचा प्रश्न त्यांत बाजूलाच पडतो. बंकिमचंद्रांनी 'बंगदर्शना'त घेतलेला आक्षेप मात्र गंभीर होता. जी प्रथा आपोआप क्षीण होत आहे तिच्यासाठी कायदा कशाला, शास्त्राचा आधार कशाला, आणि कायदा करायचाच तर तो हिंदूंपुरताच का, असे त्यांचे विचारणे होते. यादीसमोर पहिला प्रश्न टिकत नाही. शास्त्राविषयीचा प्रश्न मात्र बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर पुढच्या शतकाने विचित्र रीतीने दिले.

१८६० च्या दंडसंहितेत द्विभार्याविवाहाचा गुन्हा होताच. पण वैयक्तिक कायद्याने दुसरा विवाह निरर्थक ठरत असेल तरच तो लागू पडे. म्हणजे पती हयात असता पुन्हा लग्न करणारी हिंदू स्त्री शिक्षेस पात्र, अनेक लग्ने करणारा तिचा पती निर्दोष. हिंदू पुरुषावर बंदी आली ती मुंबई प्रांतात १९४६ मध्ये, मद्रासमध्ये १९४९ मध्ये आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. विद्यासागरांनी मागितलेले मिळाले, असे वाटावे. परंतु भाऊराव शंकर लोखंडे खटल्यात १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की दुसरा विवाह विधिपूर्वक 'संपन्न' झाल्याचे सिद्ध झाले पाहिजे; होम आणि सप्तपदी झाल्याचा पुरावा नव्हता, तसे विधी वगळण्याची रूढीही सिद्ध झाली नव्हती, म्हणून आरोपी सुटला. १९७१ मध्ये बंगालमधील एका फिर्यादी पत्नीच्या वाट्याला तेच आले. बहुविवाह रोखण्यासाठी विद्यासागरांनी ज्या शास्त्राला साक्षीला बोलावले, तेच आता दुसरी पत्नी करणाऱ्याच्या बाजूने साक्ष देऊ लागले. सात पावलांऐवजी सहाच टाकली, तर गुन्हाच घडला नाही.

दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आणि कलमाचा क्रमांक ४९४ चा ८२ झाला. सात वर्षांच्या कैदेची कमाल मर्यादा तीच राहिली. पहिल्या पत्नीला आजही दुसऱ्या मांडवातील विधींचे साक्षीदार शोधावे लागतात, आणि त्या मांडवात तिला कोणी बोलावलेले नसते.