चाळीस पावलांचे गद्य : माडगूळकरांतील शिकाऱ्यासंबंधी

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांच्यासंबंधी लिहिताना आपला समीक्षाव्यवहार दोन सोयीच्या खोल्या पाडतो. एका खोलीत ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ यांचा कर्ता असलेला ग्रामीण लेखक बसतो; दुसरीत ‘नागझिरा’ आणि ‘सत्तांतर’ लिहिणारा निसर्गलेखक. मधल्या ओसरीवर खांद्याला बंदूक लावून उभा असलेला शिकारी मात्र ‘तरुणपणीचा छंद’ एवढ्या दोन शब्दांत निकालात निघतो. या टाळाटाळीमागे संकोच आहे. पर्यावरणविषयक जाणिवेच्या काळात आवडत्या लेखकाच्या हातातील दुनळी आपल्याला अडचणीची वाटते. परंतु ती बाजूला ठेवली, तर त्यांच्या गद्याचा एक महत्त्वाचा घटकच हातचा सुटतो, असे मला वाटते.

छऱ्यांच्या बंदुकीचा पल्ला थोडा असतो. तितरासारखा पक्षी पस्तीस-चाळीस पावलांच्या आत आला नाही, तर काडतूस वाया जाते. साहजिकच शिकाऱ्याला वारा, उन्हाची तिरीप, बाभळीची सावली, पायाखालचा पाचोळा यांचा हिशेब ठेवावा लागतो. आणि हा हिशेब भावनेने होत नाही. माडगूळकरांच्या निवेदनातील अंतर नेमके याच मापाचे आहे. पात्राच्या अंगाला अंग लावून तो निवेदक बसत नाही, आणि टेकडीवरून दुर्बिणीनेही पाहत नाही. वाक्य आखूड, विशेषण बेताचे, हालचाल टिपण्याआधी क्षणभर थांबणे. ते उत्तम रेखाटने करीत, हे त्याचे एक कारण खरेच. पण रेखाटणाऱ्यापुढचा विषय बसून राहतो, तितर बसून राहत नाही.

याचा कस ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) लागतो. येथे माणूस जवळजवळ नाही, बंदूक तर नाहीच. वानरांच्या टोळ्यांतील सत्तेची झुंज आणि पिलांची हत्या हे सारे निवेदक कोठेही हळहळ न करता सांगतो. ही अलिप्तता अभ्यासकाची आहे असे म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मला ती शस्त्र खाली ठेवलेल्या शिकाऱ्याची वाटते. मरण जवळून पाहिलेला माणूसच ते इतक्या कमी शब्दांत सांगू शकतो. बंदूक गेली, तिने शिकवलेले पाहणे राहिले.

या संदर्भात सालिम अलींचे (१८९६–१९८७) उदाहरण बोलके आहे. लहानपणी छऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून घेण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड यांच्याकडे गेले, आणि तेथून एका शास्त्राची वाट उघडली. १९८५ च्या आत्मचरित्राला त्यांनी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे नाव दिले; पडलेला पक्षी त्यांनी लपवला नाही. आज ज्या धाराशिव जिल्ह्यात मी हे लिहीत आहे, तो भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची त्यांनी १९३० नंतर केलेली पाहणीही बंदुकीने मिळवलेल्या नमुन्यांवर उभी होती. विज्ञानाने हे ऋण मान्य केले आहे. साहित्यसमीक्षेला ते मान्य करणे जड का जावे?

मात्र येथवर येऊन थांबता येत नाही. १९८३ साली अंबाजोगाईच्या संमेलनाचे अध्यक्षपद माडगूळकरांनी भूषविले. ते गाव आमच्या वाशीपासून फार लांब नाही, आणि दोहोंच्या मधल्या माळांवर तितर-लावे धरण्याची एक जुनी विद्या आहे, ती फासेपारध्यांची. ‘शिकार’ हा शब्द फारसीतून आलेला, राजेरजवाड्यांचा, परवान्याचा. ‘पारध’ मात्र देशी वळणाचा. त्याचे मूळ ‘पापर्द्धि’ या संस्कृत शब्दाशी जोडले जाते. म्हणजे पापाचा शिक्का शब्दातच आहे. पुढे गुन्हेगार जमाती कायद्यांनी तो माणसांवर मारला. १९५२ साली कायदा गेला, शिक्का राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवाना काढून लहान शिकार करण्याची वाट ठेवली होती; १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. परवानाधारकाचा त्यामुळे छंद गेला, पारध्याची चूल गेली. बंदूक ठेवून निसर्गलेखक होता येते. फासे ठेवून काय होता येते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने विचारलेला नाही.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात माडगूळकरांचे शिकारलेखन शिकवत होतो. मागच्या बाकावरचा, पारधी वस्तीवरून येणारा एक विद्यार्थी तास संपल्यावर म्हणाला, “सर, लेखकाला पक्षी दिसावा लागतो. आम्हांला तो आधी बोलावा लागतो.” मग त्याने सांगितले : पिंजऱ्यातला पाळीव तितर साद घालतो, रानातला चिडून उत्तर देतो, आणि त्या उत्तरावरून आजोबा फाशांची रांग कोठे लावायची ते ठरवीत. त्यात अंतराचे माप डोळ्याने नव्हे, कानाने घेतलेले.

मी चाळीस पावलांचा सिद्धान्त नुकताच फळ्यावर मांडला होता. तो चुकीचा आहे असे मला अजूनही वाटत नाही. पण तो बंदुकीच्या बाजूने मोजलेला आहे, हे त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानी आले नव्हते. हे टिपण म्हणून लिहून दे, असे मी त्या विद्यार्थ्याला दोनदा सांगितले. त्याने लिहून दिले नाही. तोंडी परीक्षेला मात्र त्याने तितराची साद काढून दाखवली, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला गुण कोणत्या रकान्यात द्यावेत, असे मला हळूच विचारले.