प्रवासवर्णनाचा निकष

प्रवासवर्णनाचे मोल दृश्यांच्या वैपुल्यावर ठरत नाही. परक्या समाजाला जे स्वयंसिद्ध वाटते, त्याविषयी प्रवासी प्रश्न विचारतो की नाही, यावर ते ठरते. १८६२ मध्ये जपानी शिष्टमंडळाबरोबर युरोपात गेलेल्या फुकुझावा युकिची यांना यंत्रांपेक्षा निवडणुका, रुग्णालयांच्या खर्चाची व्यवस्था आणि परस्परविरोधी पक्षांचे सहभोजन हीच कोडी अधिक वाटली. हीच जिज्ञासा मराठीत पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेवरील १८८९ च्या ग्रंथात आढळते. तेथील स्त्रियांच्या संघटनशक्तीचा गौरव करताना त्यांनी वर्णद्वेषाकडे डोळेझाक केली नाही. केवळ लालित्य तोलणाऱ्या समीक्षेला असा ग्रंथ रूक्ष वाटेल. परंतु ते उणेपण ग्रंथाचे नव्हे, निकषाचे होय.